तुरुंगाची गोष्ट आणि फ्रान्सिस मॅरियन

तुम्ही लिहिलंय की तीन कैद्यांवरची तुमची पटकथा निर्मात्याने दोन पानंसुद्धा न वाचता परत केली. 'हा विषय बायकांचा नाही, काहीतरी कौटुंबिक आणा,' असं वर ऐकवलं. आणि तुम्ही विचारताय, चित्रपटाच्या इतिहासात असलं काही लिहिणारी बाई झालीय का?

झालीय. पटकथेचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री फ्रान्सिस मॅरियन, आणि तिला ते १९३० साली तुरुंगाच्याच गोष्टीवर मिळालं. चित्रपट 'द बिग हाउस'. मी वीसेक वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय. तुम्हाला मिळालं तेच उत्तर मीही एकदा एका निर्मात्याच्या कचेरीत ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाई सॅन फ्रान्सिस्कोची, जन्म १८८८ चा. चित्रकला शिकलेली. लॉस एंजेलिसला नाटकांची पोस्टर्स रंगवत होती. १९१४ च्या सुमारास लोइस वेबर या दिग्दर्शिकेने तिला हाताखाली घेतलं आणि तिथे ती पडेल ते काम करत हा धंदा शिकली. पुढे न्यू जर्सीत वर्ल्ड फिल्म्समध्ये गेली. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. दोन आठवडे फुकट काम करते, पटलं तर ठेवा, असं तिने मालक विल्यम ब्रेडीला सांगितलं आणि डब्यात पडलेले चित्रपट बघायला मागितले. त्यातला एक ब्रेडीच्याच मुलीचा, अ‍ॅलिसचा होता. इतका रडका की बघून हसू यायचं. मॅरियनने ती रडारड पुसायचा प्रयत्नच केला नाही. सुरुवातीला एक नवा प्रवेश जोडला, शेवटी एक जोडला, आणि सबंध चित्रपट विनोदी करून टाकला. जे हसू चुकून येत होतं ते आता मुद्दाम आणलेलं झालं. चित्रपट ९,००० डॉलरला विकला गेला आणि तिला आठवड्याला २०० डॉलरचा करार मिळाला. आपलं बाड अडतं तेव्हा आपण मधलेच सीन खरवडत बसतो. बाहेरची चौकट बदलून बघायचं मला तरी हिच्यामुळे सुचायला लागलं.

मूकपटांतली मोठी तारका मेरी पिकफर्ड तिची जिवलग मैत्रीण. १९१७ च्या 'द पुअर लिटल रिच गर्ल'मध्ये पंचविशीतली मेरी अकरा वर्षांच्या पोरीचं काम करते. ती लहान दिसावी म्हणून खुर्च्या-टेबलं मोठ्या मापाची बनवली होती. दोघींनी मिळून त्यात चिखलफेकीसारखे दंगामस्तीचे प्रसंग घातले. दिग्दर्शक मॉरिस टूर्नरला ते पसंत नव्हतं, कंपनीच्या साहेबांनाही चित्रपट पडणार असंच वाटलं. तो तुफान चालला. त्यानंतर मेरीचे एकामागून एक चित्रपट मॅरियनने लिहिले. १९१८ मध्ये युद्धातलं बायकांचं काम टिपायला ती फ्रान्सला गेली, परत येऊन दोन चित्रपट दिग्दर्शित केले, मूकपटाच्या काळात पैसा आणि नाव दोन्ही कमावलं.

मग १९२८ च्या नाताळात नवरा गेला. फ्रेड थॉमसन, काउबॉयपटांचा मोठा नट. तबेल्यात पायात खिळा गेला आणि धनुर्वात झाला. पदरात दोन लहान मुलं. त्याच सुमाराला चित्रपट बोलू लागला आणि मूकपटातली भली भली माणसं घरी बसली. हिने मात्र पुढच्या दोनेक वर्षांत 'अ‍ॅना ख्रिस्टी', म्हणजे ग्रेटा गार्बोचा पहिला बोलपट, आणि 'द बिग हाउस' लिहिले.

'द बिग हाउस'साठी ती कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात स्वतः जाऊन आली, आणि ते पडद्यावर कळतं. दारू पिऊन गाडी चालवताना माणूस मारलेला एक पोरगा आत येतो. खिशातल्या वस्तू काढून घेतात, कैद्याचे कपडे हातात देतात आणि दोन मुरलेल्या गुन्हेगारांच्या कोठडीत कोंबतात, कारण तुरुंगात जागाच नाही. भाषण कुणी देत नाही, तरी माणसाची कशी वाट लागणार ते आपल्याला तिथेच कळतं. पुढे भोजनगृहात गोंधळ होतो तेव्हा एक सुरा टेबलाखालून हातोहात सरकत या पोरापर्यंत येतो. घाबरून तो सोबत्याच्या सामानात लपवतो आणि उद्या सुटणारा तो सोबती अंधारकोठडीत जातो. अख्खी गोष्ट त्या सुऱ्यावर फिरते. याच चित्रपटाला ध्वनीचं ऑस्करही मिळालं. शेकडो बुटांचा एका तालातला आवाज ऐका, म्हणजे का ते समजेल. दोन वर्षांनी 'द चॅम्प'च्या कथेसाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. तो मुष्टियोद्धा बापाचा आणि त्याच्या पोराचा चित्रपट, म्हणजे तोही तुमच्या निर्मात्याच्या हिशेबात बायकांचा विषय नव्हे.

मला तिच्याबद्दल खरी माया वाटते ती मात्र मारी ड्रेसलरमुळे. मॅरियन वर्तमानपत्रात उमेदवारी करत होती तेव्हा या मोठ्या नटीने तिला मुलाखत देऊन तिची नोकरी वाचवली होती. पुढे ड्रेसलरला कुणी विचारेना. १९२७ साली मॅरियनने खास तिच्यासाठी चित्रपट लिहिला, पण त्यात आपली टिंगल आहे म्हणून आयरिश लोकांनी निषेध केला आणि एमजीएम या स्टुडिओने तो मागे घेतला. ही थांबली नाही. 'अ‍ॅना ख्रिस्टी'त तिला भूमिका मिळवून दिली, मग 'मिन अँड बिल'मध्ये थेट नायिका केलं. साठी ओलांडलेल्या, जाडजूड ड्रेसलरला त्यासाठी अभिनयाचं ऑस्कर मिळालं. तो चित्रपट लोर्ना मून या क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या लेखिकेच्या कादंबरीवर होता, पण कादंबरीतलं त्यात जवळजवळ काही उरलं नाही. मॅरियनला कादंबरी विकली जायला हवी होती ती लोर्नाच्या औषधपाण्यासाठी. एका बाडात तिने दोन मैत्रिणींना हात दिला.

१९३३ मध्ये स्टुडिओंनी पगार कापले, लेखकांनी संघटना उभी केली, आणि मॅरियन तिची पहिली उपाध्यक्ष झाली. तिला पाठीशी घालणारा निर्माता अर्व्हिंग थालबर्ग १९३६ साली गेला. त्यानंतर तिचे संवाद तिला न विचारता इतरांकडून बदलून घेतले जाऊ लागले आणि १९४६ मध्ये ती एमजीएममधून बाहेर पडली. मग चित्रं, शिल्पं, कादंबऱ्या. १९७३ साली वारली. शंभराहून जास्त चित्रपट तिच्या नावावर आहेत.

तुमच्या बाडाचं म्हणाल, तर आधी 'द बिग हाउस' बघा, भोजनगृहाचा प्रसंग दोनदा. तुमच्या पटकथेत तुरुंग कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. येरवड्याचा असेल तर मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर नातेवाईक थांबतात तिथे एक सकाळ काढा, पिशव्यांत काय आणतात, आत काय घेऊ देत नाहीत ते विचारा. नंतर पहिले दहा सीन मला पाठवा. मी वाचते.