हात तयार आहे, आता पान मांडायला हवं

ताई, नमस्कार.

मुलगा बारावी सायन्सला, वह्या सुपरहिरोंनी भरलेल्या, आणि ‘कॉमिक्स काढून पोट भरतं का?’ ही तुमची काळजी. पत्रासोबतची बारा चित्रं मी दोनदा पाहिली.

त्याचा हात खरंच चांगला आहे. पण बाराही चित्रांत एकटा वीर मधोमध उभा आहे. कॉमिक्समध्ये नुसती आकृती पुरत नाही, वाचकाची नजर पानभर फिरवावी लागते. कोण कुठे उभं आहे हे आधी दुरून दाखवायचं. आधी बोलणारा डावीकडे हवा, नाहीतर प्रश्नाआधी उत्तरच वाचलं जातं. धक्का द्यायचा तर पान उलटल्यावर. आणि दोन चौकटींमधली पांढरी फट! एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर फुटलेला कप. मधलं वाचकच रचतो.

त्याला ‘भीमायन’ हे कॉमिक्सचं पुस्तक मिळवून द्या. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य त्यात चितारलंय (2011). पानाचे सरळ चौकोन न करता त्यांनी ‘दिगना’ या त्यांच्या पारंपरिक नक्षीच्या वळणांनी भाग पाडले. मायेनं बोलणाऱ्याचा संवादाचा फुगा पक्ष्यासारखा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचण्याआधीच सूर कळतो!

तुमचे यजमान एसटीत वाहक आहेत ना? मग ‘आजीची गाडी चुकते’ ही गोष्ट सहा चौकटींत, एकही शब्द न लिहिता काढायला सांगा. आधी काडेपेटीएवढी कच्ची रेखाटनं, चार-पाच वेगवेगळ्या मांडणीची. झालेलं पान शेजाऱ्यांना दाखवा. समजावून सांगावं लागलं, तर पुन्हा काढायचं.

निव्वळ कॉमिक्सवर आपल्याकडे फार थोड्यांचं घर चालतं, हे लपवत नाही. पण हेच कसब जाहिरात, अ‍ॅनिमेशन आणि गेम्सच्या स्टोरीबोर्डला, म्हणजे प्रसंग आधी चित्रांत आखायच्या कामाला, लागतं, आणि तिथे कामं मिळतात. मुंबईच्या जे. जे. या कला संस्थेतल्या उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी असते. त्यात आठवणीतून चित्र काढायचं असतं, तिथे ही मांडणी थेट कामी येईल. आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन्ही वाटा बारावीनंतरच्या, म्हणून अभ्यास सोडू देऊ नका.

आजीच्या गोष्टीचं पान मात्र मला पाठवा. कच्ची रेखाटनंही सोबत जोडा, मला तीच आधी पाहायची आहेत.