राक्षसांच्या आधी ज्वारी मोजा

लेकरा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि तुम्हा पाच जणांच्या वहीची झेरॉक्स मिळाली. गोष्टींसाठी राक्षसांनी वेढलेला एकच काल्पनिक मुलूख पाच जणांनी मिळून रचायचा, आणि तोही आपल्याच विदर्भाच्या मातीवर, हा बेत मनापासून आवडला. म्हणूनच स्पष्ट लिहितो आहे. तुमच्या वहीत सतरा प्रकारचे राक्षस आहेत, सात शापित तलवारी आहेत, तीन हजार वर्षांचा इतिहास आहे. विहीर मात्र एकही नाही. गाव काय खातं, कुठलं पाणी पितं, रात्री कोण जागतं, हे कुठल्याच पानावर नाही, आणि त्यामुळे वाचताना भीती वाटत नाही. वेढा म्हणजे येणं-जाणं बंद. त्याची भीती टंचाईतून येते. तेव्हा राक्षस थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी हिशोब मांडा.

एक गाव घ्या, ४०० माणसांचं. लहान-म्हातारी धरून माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हटलं, तर रोज २ क्विंटल आणि वर्षाला ७३० क्विंटल लागतं. जुन्या पद्धतीची कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल धरली तर फक्त पोटापुरतं पिकवायला १८० एकर हवेत, बियाणं वेगळं. आता तुमच्या नकाशावरचा तट बघा. गोल गावठाण, व्यास ३०० मीटर. त्या तटाच्या आत बसते साडेसतरा एकर जागा, तीही घरं, आवार, गोठे धरून. म्हणजे शेत बाहेरच राहणार. कितीही भक्कम तट बांधला तरी माणसाला रोज सकाळी वेशीबाहेर पडावंच लागेल आणि दिवस मावळायच्या आत परतावं लागेल. तुमच्या वहीत सगळी माणसं आत बसून राक्षसांची वाट पाहतात. ती खरं तर शेताच्या पांदणीवर भेटायला हवीत, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन, कलत्या उन्हाकडे बघत चालताना.

पुढचा हिशोब जनावरांचा. १८० एकर वाहायला निदान वीस बैलजोड्या लागतील. गाई-वासरं धरून शंभर जनावरं होतात. एकाला रोज सहा किलो कडबा-कुटार धरलं तर ६ क्विंटल. म्हणजे सगळं गाव मिळून जेवढं खातं त्याच्या तिप्पट गोठा खातो. पाण्याचंही तसंच: माणसांना काटकसरीनं १५ लिटर धरून ६,००० लिटर, जनावरांना ४,००० लिटर, रोजचे १०,००० लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात साडेबारा हजार लिटर असतं. म्हणजे रोज पाऊण मीटरहून जास्त पाणी उपसलं जाणार, आणि वैशाखात रात्रभरात तेवढा झिरपा येत नाही.

इथे तुमची खरी गोष्ट सुरू होते. चैत्रात कुटार संपत आलं की बैल ठेवायचे की सोडायचे? पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांचे खांदे तूप-हळद लावून शेकले, तीच जनावरं वेशीबाहेर हाकलायची. आणि हाकलली तर मृग लागल्यावर वखर कोण ओढणार? हे ठरवायचं कुणी? ज्याच्याकडे चार जोड्या आहेत तो, की ज्याच्याकडे एकही नाही आणि ज्याचं लेकरू तहानेलं आहे तो? पाचही जणांनी आपापल्या गावासाठी या प्रश्नाचं उत्तर लिहा. पाच वेगळी उत्तरं आली तर पाच वेगळी गावं तयार झाली असं समजा. त्यासाठी इतिहासाची पानं भरावी लागत नाहीत.

पहाऱ्याचाही असाच हिशोब आहे. ३०० मीटर व्यासाचा तट ९४० मीटर लांब भरतो. दर तीस मीटरवर एक जागल्या ठेवला तर ३१ जण आणि रात्रीचे दोन पहारे धरले तर ६२. धडधाकट माणसं गावात दीडशेच्या आसपास असतील. म्हणजे रोज तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं रात्र जागून दिवसा शेतात पेंगणार. दिव्याला तासाला १० मिली तेल धरलं, तर ३१ दिवे बारा तास तेवायला पावणेचार लिटर जवसाचं तेल लागतं. तेलघाण्यावर तेवढं तेल काढायला दहा-अकरा किलो जवस जातं, एका रात्रीला. आता अमावस्येला तेल संपलं हे लिहिताना तुम्हाला विशेषणं शोधावी लागणार नाहीत.

मेलेल्यांचाही विचार करा, तो तुमच्या वहीत अजिबात नाही. चंद्रपूरच्या परकोटाला, म्हणजे शहराभोवतीच्या तटाला, चार वेशी आहेत आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. त्यांतल्या एका खिडकीचं नाव मसाण खिडकी. शहर बांधणाऱ्यांनी प्रेत बाहेर नेण्याची वाटसुद्धा आखून ठेवली होती. तुमच्या गावात ती वाट राक्षसांकडे जाते. एका चितेला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. ते गावात उरलंय का? की पराटी-तुराटीवर, म्हणजे कपाशी-तुरीच्या काड्यांवर, भागवायचं? की आतच पुरायचं, आणि पुरायचं तर विहिरीपासून किती लांब? यावर निदान एक पान हवं.

आता राक्षसांकडे येऊ. सतरांतले तीनच ठेवा. प्रत्येकाबद्दल पाच गोष्टी लिहा: तो काय खातो, कधी बाहेर पडतो, कशानं अडतो, मागे काय खूण सोडतो, आणि गावाची त्याच्याबद्दल कोणती चुकीची समजूत आहे. पाचवी सगळ्यांत मोलाची. लोखंडानं अडतो असं गाव मानतं आणि तो खरं तर धुरानं अडत असेल, तर लोहाराच्या भट्टीजवळची घरं का वाचली याचा चुकीचा अर्थ दोन पिढ्या लावला जाईल. त्यावर मानपान, भांडणं, हुंडे ठरतील. खरं काय ते तुमच्यापैकी फक्त वही सांभाळणाऱ्याला ठाऊक असू द्या.

खाण्याचा प्रश्न तर कुणीच टाळू नये. वाघाला साधारण आठवड्याला एक मोठी शिकार लागते. तुमच्या मुलखात चाळीस राक्षस धरले आणि ते वाघाएवढं जरी खात असले, तरी वर्षाला दोन हजारांहून जास्त जनावरं हवीत. ती येणार कुठून? पहिल्या वर्षी रोही-डुक्कर-चितळ संपतील, मग राक्षस तरी उपाशी मरतील, निघून तरी जातील, किंवा झोपून राहतील. मला यातलं झोपणं फार कामाचं वाटतं, कारण आपली माती त्याला जागा देते. काळ्या कन्हार जमिनीला फाल्गुनापासून भेगा पडतात, वैशाखात त्यांत हात जातो, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर त्या मिटतात. राक्षस भेगांतून येत असतील, तर उन्हाळा हा वेढ्याचा काळ होतो आणि मृगाचा पाऊस ही सुटका. मग मृग कोरडा जाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. उलट श्रावणात तीच माती बंडीचं चाक धरून ठेवते. सुटका झाली तरी दुसऱ्या गावाला पोचता येत नाही.

गावातल्या माणसांना राक्षसाचं नाव घेऊ देऊ नका. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, तसं प्रत्येक गावानं राक्षसाला आपलं टोपणनाव दिलेलं असू द्या. बाकी नावांवर वेळ घालवू नका. ती हळूहळू सुचतात.

आता पाच जणांच्या कामाबद्दल. असं जग बहुतेक वेळा एकाच कारणानं मोडतं: ज्याला भराभर सुचतं तो सगळा मुलूख भरून टाकतो आणि बाकीचे वाचक होऊन बसतात. तुमच्या वहीतली दोनतृतीयांश पानं एकाच हस्ताक्षरातली आहेत. म्हणून एका बैठकीला एकानं दोनच नोंदी करायच्या, त्याही प्रत्येकी सहा-सात ओळींच्या. नोंद तीन खणांत जाईल: पक्कं, कच्चं, कानावरचं. कानावरचं कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. कच्चं दोन बैठका टिकलं आणि निदान तिघांनी आपल्या मजकुरात वापरलं, की पक्कं. पक्कं बदलायचं तर पाचांचीही संमती हवी, आणि जुनी ओळ पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून तारीख टाकायची. दोन नोंदी भांडल्या तर लगेच निवाडा करू नका. दोन गावं एकच घटना दोन तऱ्हांनी सांगतात असं धरा. पाणी, अंतर, माणसांची संख्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टींत मात्र ही सवलत नाही. तिथे एकच आकडा.

मुलूख वाटून घेताना प्रत्येकाला एक मुबलक आणि एक दुर्मीळ गोष्ट द्या, म्हणजे कुणाचंही गाव एकट्याच्या जोरावर जगणार नाही. आपल्याकडे हे आयतं मिळतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात माती कसदार, पण विहिरीचं पाणी खारट. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, धान आणि मोहफुलं, पण मीठ नाही. मेळघाटात बांबू, सागवान आणि उंचावरचे किल्ले, पण सपाट शेती थोडी. वर्धा-वैनगंगेच्या मधल्या पट्ट्यात कोळसा. लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त की पिता येत नाही. तिथल्या लेखकानं आधी गोड्या पाण्याची धार शोधावी. ४०० माणसांना माणशी १० ग्रॅम धरलं तरी रोज ४ किलो मीठ लागतं, म्हणजे वर्षाला साडेचौदा क्विंटल. पूर्वी मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर वाहिलं. तुमच्या जगात तो तांडा वर्षातून एकदाच येत असेल, तर पाचही जणांची गावं त्याच्या वाटेवर गुंफली जातील. तांडा कुणा एकाच्या मालकीचा नको. दर बैठकीला तो एका मुक्कामानं पुढे सरकवा, आणि ज्याच्या गावात तो असेल त्यानं पुढच्याला एक वस्तू आणि एक बातमी द्यायची. बातमी अर्धवट असली तर उत्तम.

किल्ला पडायचा असेल तर गाविलगड आठवा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजी फौजेनं उत्तरेकडच्या डोंगरवाटेनं तोफा ओढून नेल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आतला तट तरीही उभा होता. तो तोफांनी पडलाच नाही. एक तुकडी कड्यालगत शिडी लावून वर चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. तुमच्या सगळ्या लढायांत मोठा राक्षस भिंत फोडतो. एकदा फोडली की पुढच्या वेळी त्याहून मोठा राक्षस आणावा लागतो, मग त्याहून मोठी तलवार, आणि या चढाओढीत गाव हरवून जातं. त्यापेक्षा इकडे कुणी येणारच नाही असं ज्या बाजूबद्दल सगळे धरून चालले होते, ती बाजू उघडी पडू द्या. आणि तलवारी ठेवायच्याच असतील तर एक ठेवा, तिची किंमत रोजच्या व्यवहारात मोजता येईल अशी: ती उपसली की त्या साली त्या शिवारात बी उगवत नाही, असं काहीतरी.

काही गोष्टींबाबत मी ठाम आहे. गोंड-कोरकू देव, मातामाय, वाघदेव हे कुणाच्या तरी घरातले देव आहेत. त्यांना राक्षस करायचं नाही, आणि भुमकाला, म्हणजे त्यांच्या पुजारी-वैद्याला, कपटी मांत्रिक तर मुळीच नाही. तुमच्यात त्या समाजातलं कुणी असेल तर त्या भागाचा शब्द त्याचा. चेटकीण म्हणून एखाद्या बाईला खरोखरच दोषी दाखवू नका. जादूटोण्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत, त्याविरुद्ध राज्यात २०१३ साली कायदा झाला. संशय घेणारं गाव जरूर दाखवा. संशय खरा ठरवू नका. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा काळोख वाढवायचा मसाला नव्हे. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरात ते घडलेलं असेल. शिवाय पाच जणांनी सुरुवातीलाच चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहावं की कोणती गोष्ट या जगात थेट दाखवायची नाही. ती यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. कारण विचारायचं नाही.

इतिहास आजोबांच्या आठवणीपर्यंत पुरे. त्याआधीचं सगळं कानावरच्या खणात.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं चार कागद आणावेत: गावाची माणसं-जनावरं-धान्य-पाणी यांचा हिशोब, चैत्रातला बैलांचा निवाडा, एका राक्षसाची पाच उत्तरं, आणि गावाचा नकाशा. नकाशा मोठ्या चौकटीच्या वहीवर काढा, एक चौकट म्हणजे २० मीटर, आणि त्यात विहीर, मसाण, वेस, सगळ्यांत लांबच्या शेताचा धुरा (बांध) एवढं आधी दाखवा. त्या धुऱ्यापासून वेशीपर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालायला किती वेळ लागतो ते आपापल्या गावात खरंच चालून बघा आणि मिनिटं नकाशावर लिहा. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा, फोनमधल्या फोटोंवर विसंबू नका. हे कागद झाले की मला पाठव. राक्षसांबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा,
काका