कर्ज काढून लॉ करतोयस, तर हे ऐक
पहिल्या सेमिस्टरला कर्जाची भीती कामी येते, पोरं पहाटे उठून वाचतात. पुढे तीच अंगावर येते. 'हप्ता कशातून फेडू' या हिशेबात कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं एकच पान तासभर उघडं राहतं. ज्यात पैसा दिसत नाही तो विषय नकोसा होतो. ज्युरिसप्रुडन्सचा, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा, नंबर पहिला.

म्हणून भाऊ, आधी बँकेचं मंजुरीपत्र नीट वाच. (कायदा शिकणारे स्वतःचाच करार वाचत नाहीत!) साधारणपणे हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्यापासून चढतं. घरून महिन्याचं नुसतं व्याज भरता आलं तरी पुढचा बोजा बराच हलका होतो. काही बँका त्यासाठी दरात सूटही देतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीत बसत असशील तर दरवर्षीचं रिन्युअल चुकवू नको.

'पास झालो की थेट जेएमएफसी', म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश, हा बेत मात्र सोड. सुप्रीम कोर्टाने 20 मे 2025 च्या निकालात तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा तू ज्युनियर असशील, आणि ज्युनियरच्या हाती काय पडतं ते नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाजवळ चहा पिणाऱ्या कोणालाही विचार. त्यामुळे सुट्ट्यांत आतापासूनच एखाद्या सिनियरकडे बस, ड्राफ्टिंग शिक. कर्जखातं महिन्यातून एकदाच उघडायचं, तेही परीक्षेच्या आठवड्यात नाही.