‘नको’ म्हणणारा नायक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गेले दोन महिने तो ‘८-बिट थिएटर’ नावाची एक जुनी इंग्रजी वेब-चित्रमालिका रोज वाचतो आणि एकटाच हसत बसतो. मी त्याच्या शेजारी बसून वीस-पंचवीस पाने वाचली. त्यातले नायक जग वाचवायला निघालेले आहेत, पण त्यांना ते काम करायचेच नाही. ते भांडतात, एकमेकांना फसवतात, टाळाटाळ करतात. यात हसण्यासारखे काय आहे आणि असे नायक मुलांपुढे असावेत का, हे कृपया सांगावे. — एक पालक, सातारा

उत्तर : आपण मुलाच्या शेजारी बसून ती पाने वाचलीत याचा मला फार आनंद झाला. ही चित्रमालिका दुरून पाहिली तर नुसता गोंधळ वाटते आणि तिच्यातला विनोद ज्या खेळावर उभा आहे तो खेळ ठाऊक नसेल, तर जवळून पाहूनही तो पुरता हाती लागत नाही. म्हणून आधी त्या खेळाविषयी सांगतो.

जपानमधील ‘स्क्वेअर’ या कंपनीने १९८७च्या डिसेंबरमध्ये निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्रासाठी ‘फायनल फँटसी’ हा व्हिडिओ गेम काढला. खेळ सुरू करताना सहा प्रकारच्या पात्रांमधून चार जण निवडायचे असतात. योद्धा, चोर, मुष्टियोद्धा आणि लाल, पांढरा व काळा असे तीन जादूगार, हे ते सहा प्रकार. निवडलेल्या प्रत्येकाला चार अक्षरांत मावेल असे नाव द्यायचे. मग हे चौघे राजाच्या दरबारात जातात, पळवून नेलेल्या राजकन्येला सोडवून आणतात, राजा खूश होऊन पूल बांधून देतो, आणि तो पूल ओलांडल्यावर कुठे खेळाचे शीर्षक पडद्यावर येते. इतके सगळे होईपर्यंत, आणि त्यानंतरही, हे चार वीर स्वतःचे म्हणून काही बोलत नाहीत. राजा हुकूम देतो, गावकरी गाऱ्हाणी सांगतात, आणि चौघे मुकाट्याने चालू लागतात.

त्या काळच्या अशा खेळांमध्ये नायकाची संमती गृहीतच धरलेली असे. १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधला एक प्रसंग यासाठी प्रसिद्ध आहे. सोडवलेली राजकन्या नायकाला विचारते की, तू मला किल्ल्यापर्यंत नेशील ना? पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय येतात. खेळणाऱ्याने ‘नाही’ निवडले की ती ‘पण तुला न्यावेच लागेल’ अशा अर्थाचे वाक्य बोलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. ‘हो’ म्हणेपर्यंत तिथून सुटका नाही. माझ्या मते, गेमच्या जगात घडणाऱ्या सगळ्या विनोदी चित्रमालिकांचे मूळ या ‘नाही’मध्ये आहे. खेळात ज्या नकाराला जागा नव्हती, त्याला चित्रमालिकेने वाचा दिली.

ब्रायन क्लेव्हिंजर या अमेरिकी लेखकाने मार्च २००१मध्ये ‘८-बिट थिएटर’ सुरू केली आणि २०१०मध्ये ती पूर्ण केली. १२००हून अधिक पानांच्या या मालिकेत त्याने ‘फायनल फँटसी’मधलेच चौघे घेतले आणि त्यांना बोलते केले. त्यातला योद्धा तलवारबाजीत अजोड आहे, पण इतका भोळा की तलवारींपलीकडचे त्याला काही उमगत नाही. चोर आपल्याच सोबत्यांना करारनाम्यांत अडकवून ठेवतो. लाल जादूगार आयुष्याकडे खेळाच्या नियमपुस्तकासारखे पाहतो आणि प्रत्येक संकटात स्वतःच्या गुणांची आकडेमोड करत बसतो. काळा जादूगार कमालीचा दुष्ट आणि तितकाच चिडका आहे. सार्डा नावाचा महाशक्तिशाली मांत्रिक त्यांना धाकदपटशाने चार दिव्य गोलकांच्या शोधात पाठवतो, म्हणून ते जातात. खेळाची कथा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकते तशी मालिकेचीही सरकते, फरक एवढाच की प्रत्येक पायरीवर या चौघांना मागे फिरायचे असते.

आपल्याला हा प्रकार परका वाटू नये. विराटपर्वातला उत्तर आठवून पाहा. कौरवांनी गाई वळवून नेल्या तेव्हा त्याने अंतःपुरात बसून पराक्रमाच्या मोठमोठ्या गोष्टी केल्या, सारथी मिळाला तर आत्ता जाऊन गाई सोडवून आणतो असे म्हटले, आणि बृहन्नडेला सारथी करून निघताना बहिणीने बाहुल्यांसाठी कौरवांची तलम वस्त्रे आणायला सांगितली. समोर भीष्म-द्रोणांची सेना दिसताच मात्र हा राजपुत्र रथातून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावला, त्याने त्याचे केस धरून त्याला थांबवले, आणि उत्तर त्याला सोने, रत्ने, हत्ती देऊ करून ‘मला सोड’ म्हणून गयावया करू लागला. ही कथा सांगताना कीर्तनकार इथे थांबतात आणि सभामंडप हसतो. वीराने कसे वागावे हे सगळ्यांना पाठ असते आणि समोरचा माणूस नेमका आपल्यासारखा वागतो, त्या अंतरातून हे हसू येते. क्लेव्हिंजरच्या चौघांमुळे येणारे हसू याच जातीचे आहे.

पुढे एक महत्त्वाचा फरक आहे. उत्तर त्याच रथावर सारथी होऊन बसतो, युद्धात टिकून राहतो आणि घरी परतल्यावर हा विजय माझा नव्हे, असे वडिलांना प्रांजळपणे सांगतो. ‘८-बिट थिएटर’मधले चौघे शेवटपर्यंत सुधारत नाहीत. आपण विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे येतो आणि तो योग्यच आहे. यापुढे कथेचा शेवट सांगावा लागणार आहे. चिरंजिवांनी तिथपर्यंत वाचले नसेल तर पुढचा परिच्छेद त्यांना दाखवू नये.

मालिकेत एक लहान मुलगा पुन्हा पुन्हा दिसतो. या चौघांच्या बेफिकिरीमुळे त्याचे पालक जातात, नंतर त्याला आसरा देणारेही जातात, आणि दर वेळी वाचक हसून पुढे जातो. कित्येक वर्षांनी उलगडा होतो की तोच मुलगा मोठा होऊन, काळात मागे जाऊन सार्डा झाला आहे आणि त्याने सगळी मोहीम या चौघांचा सूड घेण्यासाठी आखली होती. ज्यावर आपण हसलो त्याचा जमाखर्च कुणीतरी ठेवत होते, हे कळल्यावर आधीची पाने वेगळी दिसू लागतात. शेवटच्या महासंकटाचा नाशही या नायकांच्या हातून होत नाही. पांढऱ्या झग्यातल्या चार उपचारक जादूगारांचा गट ते काम पडद्याआड उरकतो. ज्यांनी खेळ खेळला आहे त्यांना ठाऊक असते की चारही पांढरे जादूगार घेऊन खेळणे अतिशय अवघड असते, म्हणून त्या शेवटाला दुहेरी गंमत आहे. नाखूश नायकांना लेखकाने विजयाचे श्रेय कमावू दिलेले नाही, आणि मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मालिकेत शिवराळ भाषा आहे आणि भोसकाभोसकी हा तिथला नेहमीचा विनोद आहे. चौदा वर्षांच्या मुलाने ती वाचू नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्याने ती आपल्याशी बोलत वाचावी. चौघांपैकी त्याला कोण आवडतो आणि का, एवढे जरी विचारलेत तरी पुष्कळ बोलणे निघेल.

प्रश्न : या चित्रमालिकांमधली चित्रे थेट गेममधून उचललेली असतात असे ऐकले. मग यात चित्रकाराची कला कोणती आणि ही चोरी नव्हे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : चित्रे उचललेली असतात हे खरे आहे. गेममधल्या हलत्या आकृतीला ‘स्प्राइट’ म्हणतात आणि त्या वापरून केलेल्या मालिकांना ‘स्प्राइट कॉमिक’. हा प्रकार लोकप्रिय करण्यात डेव्हिड अनेझ याच्या ‘बॉब अँड जॉर्ज’ या मालिकेचा वाटा मोठा आहे. एप्रिल २००० ते जुलै २००७ या काळात ती चालली. हाताने काढलेल्या चित्रांची मालिका करण्याचा त्याचा बेत होता आणि ती तयार होईपर्यंत जागा भरावी म्हणून त्याने ‘मेगा मॅन’ या खेळातल्या आकृत्या वापरल्या. हाताने काढलेली मालिका फार टिकली नाही, जागा भरण्यासाठी केलेली मात्र सात वर्षे वाचकांनी उचलून धरली.

कला कुठे आहे हे पाहायचे असेल तर काळ्या जादूगाराची आकृती डोळ्यांजवळ धरून पाहावी. नकाशावर फिरताना ती रुंदीला सोळा आणि उंचीला सोळा ठिपक्यांची असते. निन्टेंडोच्या त्या आठ-बिटी यंत्रावर एका आकृतीच्या तुकड्याला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग वापरता येत. त्यामुळे या जादूगाराला चेहराच नाही. एक वाकडी टोपी, तिच्याखाली अंधार आणि अंधारात दोन पिवळे डोळे, बस्स. त्याला ओठ नाहीत, भुवया नाहीत. राग, भीती, कंटाळा, सगळे काही संवादातून आणि दोन चौकटींमधल्या अंतरातून दाखवावे लागते. कुणीतरी मूर्खासारखे वाक्य बोलले की पुढच्या चौकटीत तीच आकृती, तशीच, शब्दाविना उभी राहते, आणि त्या रिकाम्या चौकटीवर वाचक हसतो. नाटकात विराम साधणाऱ्या नटाचे कौशल्य ते हेच. लेखणीवर हुकूमत असल्याशिवाय अशी १२०० पाने निभावत नाहीत. पुढे क्लेव्हिंजरने स्कॉट वेगनर या चित्रकाराबरोबर ‘अॅटॉमिक रोबो’ ही स्वतंत्र चित्रकथा उभी केली, तिच्यातही ही संवादांवरची पकड दिसते.

हक्कांचा प्रश्न उरतोच. आकृत्यांवर मालकी खेळ काढणाऱ्या कंपनीची असते. जालावर फुकट वाचायला दिलेल्या अशा मालिकांकडे कंपन्यांनी बहुधा काणाडोळा केला, म्हणून त्या वाढल्या. त्या आकृत्यांचे पुस्तक छापून विकणे ही वेगळी बाब आहे. ‘८-बिट थिएटर’ला वीस वर्षे झाली तेव्हा क्लेव्हिंजरने वाचकांच्या वर्गणीतून जे पुस्तक काढले ते मालिकेच्या संहितेचे होते. चित्रे वगळूनही वाचकांना ते हवेसे वाटले, यात आपल्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

प्रश्न : मला मराठीत अशी मालिका करायची आहे. नायकाला जायचे नाही, एवढेच सुचले आहे. पुढे काय करावे? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आकृत्या स्वतः काढाव्यात. सोळा चौकटींची आलेखवही आणि तीन रंगीत पेन्सिली घेऊन बसलात तर एका संध्याकाळी नायक तयार होईल आणि तो सर्वस्वी तुमचा असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘टीव्ही गेम’ आणि त्याच्या कॅसेटी आल्या, तेव्हापासून ही ठिपक्यांची चित्रभाषा मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, त्यामुळे वेगळी प्रस्तावना लिहिण्याची गरज नाही.

नायकाला जायचे का नाही, याचे कारण त्या जगाच्या नियमांतून यावे. भित्रेपणा दोन पानांत संपतो, नियम संपत नाहीत. गेममध्ये गावकरी एकच वाक्य आयुष्यभर बोलतो, दुकानदार जगबुडी आली तरी औषधाचा दर कमी करत नाही आणि कुणाच्याही घरात शिरून मडकी फोडता येतात. हे सगळे खरे मानून वागणारा एक साधा माणूस तिथे ठेवा. समजा, सरपंच त्याला म्हणतात, ‘बाळ, राक्षसापासून गाव वाचव.’ तो विचारतो, ‘तुमच्या मागे शंभर तलवारी टांगल्यात, त्यातली एक देता का?’ सरपंच म्हणतात, ‘दीडशे मोहरा पडतील.’ तिसऱ्या चौकटीत कुणी काहीच बोलत नाही. चौथीत सरपंच पुन्हा म्हणतात, ‘बाळ, राक्षसापासून गाव वाचव.’

अशी वीस पाने आधी लिहून काढावीत आणि ती मित्राला चित्रांशिवाय मोठ्याने वाचून दाखवावीत. तो जिथे हसेल ती पाने आधी रंगवायला घ्यावीत.