एल.सी.ई. म्हणजे पदवी की डिप्लोमा?

प्रश्न (साक्री): विश्वेश्वरय्या शिकले पुण्यात, पण पदवी मुंबई विद्यापीठाची, असं वाचलं. शिवाय ती पदवी एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग)! आमच्याकडे एल.सी.ई. म्हणजे डिप्लोमा. मग खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं आहे, फक्त काळ वेगळा. पुण्याचं कॉलेज विद्यापीठापेक्षा जुनं. १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला तिथे वर्ग सुरू झाला. मुंबई विद्यापीठ आलं १८५७ मध्ये. पुण्यात विद्यापीठ व्हायला तर १९४९ उजाडलं. म्हणून जुन्या कागदावर ‘पुणे’ दिसलं की पुणे विद्यापीठ समजू नये. गाव कॉलेजचं असतं, शिक्का विद्यापीठाचा.

एल.सी.ई. ही तेव्हा मुंबई विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीच होती. विश्वेश्वरय्यांनी ती १८८३ मध्ये मिळवली. त्या वेळी कॉलेजचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग हे नाव १९११ चं, आणि त्याच सुमारास एल.सी.ई.च्या जागी बी.ई. आली. पुढे तीच अक्षरं डिप्लोम्याला चिकटली. घोळ तिथला आहे. तेव्हा घरातल्या जुन्या दाखल्यावर आधी साल बघा, मग देणारी संस्था, आणि अक्षरं सगळ्यात शेवटी.

तुम्ही साक्रीचे, म्हणून हेही सांगायला हवं. १८८४ मध्ये नोकरीला लागल्यावर या तरुण इंजिनिअरच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक तुमच्याच तालुक्यातलं, दातर्तीचा नळाचा सायफन. पाटाचं पाणी नदीपात्राखालून पलीकडे न्यायचं. नळ एका काठाला उतरतो, तळाखालून जातो, दुसऱ्या काठाला चढतो. पंप लागत नाही. मात्र पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा खाली हवं, कारण नळाच्या घर्षणात आणि वळणांत पाण्याची थोडी उंची खर्च होते. हा फरक कमी धरला तर पलीकडे पाणी कमी निघतं आणि अलीकडे पाट तुंबतो. वेग मंदावला की सगळ्यात खोल भागात गाळ बसतो. म्हणून तोंडाशी जाळी आणि त्याआधी गाळ बसायला खड्डा ठेवतात. पुरात तळ खरवडून नळ उघडा पडतो, त्यामुळे तो पुरेसा खोल पुरावा लागतो. पांझरा नदीकाठी फडाचं, म्हणजे सामायिक पाटाचं, पाणी वाटणाऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न (चोपडा): १९८७ ला धुळ्यात बी.ई. झालो. प्रमाणपत्राची दुय्यम प्रत जळगावला मिळेल का?

उत्तर: नाही, पुण्याला मागा. धुळे, बांभोरी, फैजपूर इथली १९८३ ची कॉलेजं आधी पुणे विद्यापीठाखाली होती. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं. अर्जात परीक्षा क्रमांक, साल, आणि परीक्षा उन्हाळ्याची की हिवाळ्याची हे स्पष्ट लिहा. नुसतं साल दिलं तर नोंद शोधायला वेळ जातो. १९९० च्या आसपास उत्तीर्ण झालेल्यांनी शेवटच्या गुणपत्रिकेवरचं विद्यापीठाचं नाव बघून अर्ज करावा.