क्लब रेसिंगसाठी फोर-व्हील-ड्राइव्ह आरसी बग्गी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: क्लबमध्ये शर्यती खेळायच्या आहेत, १/१० स्केलची इलेक्ट्रिक फोर-व्हील आरसी (रेडिओने चालवायची) बग्गी घ्यायची आहे, मग कोणती कंपनी, बेल्ट की शाफ्ट (मोटरची ताकद चाकांकडे पट्ट्याने न्यायची की दांड्याने), आणि रेडी-टू-रन (जोडून तयार मिळणारी गाडी) चालेल का?

कंपनीचं नाव शेवटी ठरवा. एक सुट्टीचा दिवस काढून ज्या ट्रॅकवर खेळणार आहात तिथे जा आणि पिट टेबलांवर (खेळाडू गाड्या तयार करतात त्या टेबलांवर) नजर टाका. फोर-व्हील वर्गात सर्वाधिक गाड्या कोणत्या मॉडेलच्या आहेत आणि सगळ्यांनी कोणते टायर लावले आहेत, हे बघा. तीच गाडी आणि तेच टायर घ्या. हे उत्तर आळशी वाटेल, पण त्याला ठोस कारण आहे. दुसऱ्या हीटमध्ये (शर्यतीच्या फेरीत) पुढचा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) मोडला तर शेजारच्या टेबलावर तो मिळतो, आणि त्या ट्रॅकवर चाललेलं सेटअप तयार मिळतं. आजच्या रेसिंग गाड्यांमधला फरक नव्या चालकाला लॅप टाइममध्ये दिसत नाही. चुकीच्या टायरचा फरक मात्र पहिल्याच वळणावर दिसतो.

ट्रॅकचा पृष्ठभाग सगळ्यात महत्त्वाचा. कार्पेट आणि ॲस्ट्रोटर्फवर पकड प्रचंड असते, म्हणून तिथल्या गाड्या खाली बसवलेल्या आणि कडक असतात, नाहीतर वळणात पलटी खातात. मातीवर, विशेषतः सुट्या मातीवर, गाडीला लवचिकपणा लागतो. म्हणूनच एक्सरेसारखी कंपनी एक्सबी४ ही एकच गाडी कार्पेटसाठी सी आणि मातीसाठी डी अशा दोन आवृत्त्यांत विकते. कार्पेटची गाडी मातीवर चालवता येते, पण आर्म, शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात तो भाग), स्प्रिंग असं करत करत बरंच सामान बदलावं लागतं. दोन्ही ठिकाणी खेळायचं असेल तर ज्या ट्रॅकवर महिन्यातून जास्त वेळा जाल त्याची आवृत्ती घ्या.

बेल्ट की शाफ्ट या वादाला मी फार किंमत देत नाही. असोसिएटेडची बी७४ मालिका, टेक्नोची ईबी४१० आणि एक्सरेची एक्सबी४ शाफ्टवर चालतात. शूमाकरच्या कॅट मालिकेतल्या बऱ्याच गाड्या बेल्टवर चालत आल्या आहेत. बेल्टची गाडी सुरळीत आणि शांत चालते, पण बेल्ट आणि पुलीच्या मध्ये खडा गेला तर दात जातात, त्यामुळे बाहेरच्या खडकाळ ट्रॅकवर झाकणं नीट बसवावी लागतात आणि ताण अधूनमधून तपासावा लागतो. शाफ्टच्या गाडीत दोन्ही टोकांना बेव्हल गिअर असतात. त्यांची शिमिंग (पातळ चकत्या घालून दातांमधलं अंतर जुळवणं) चुकली तर आधी घरघर ऐकू येते आणि मग एखाद्या उडीनंतर, थ्रॉटल दाबलेला असतानाच गाडी जमिनीवर उतरली की, दात उडतात. धूळ-खडी जास्त असेल तर शाफ्ट घ्या. आत कार्पेटवर खेळत असाल तर जी सहज मिळेल ती.

रेडी-टू-रनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शर्यतीसाठी घेऊ नका. त्यातली मोटर बहुधा क्लबच्या वर्गात बसत नाही, सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) संथ असतो, शॉक गळतात, आणि सहा महिन्यांत सगळं बदलून झालं की किटपेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. शिवाय किट स्वतः जोडलं की कोणता स्क्रू कुठे आहे ते हाताला कळतं, आणि दोन हीटमधल्या थोड्या वेळात दुरुस्ती करताना तेच उपयोगी पडतं. मात्र किटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसतं, बऱ्याचदा टायरही नसतात, आणि बॉडी पारदर्शक येते; ती पॉलिकार्बोनेटच्या रंगाने आतून रंगवायची असते. हिशेब करताना हे सगळं धरा.

मोटर वर्गाच्या नियमाप्रमाणे घ्या. फोर-व्हीलच्या स्टॉक (मोटरवर मर्यादा असलेल्या) वर्गात सहसा १३.५ टर्नची सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर असते, मॉडिफाइडमध्ये (मोकळ्या वर्गात) ५.५ ते ६.५ टर्नच्या आसपास. टर्न म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे; ते जितके कमी तितकी मोटर वेगवान. पहिल्या वर्षी १३.५ पुरेशी आहे, कारण मॉडिफाइड फोर-व्हील गाडी डोळ्यांपेक्षा वेगाने पुढे जाते. स्टॉक वर्गात ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ‘ब्लिंकी’ मोडमध्ये लागतो, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉनिक टायमिंग शून्य आहे हे दाखवणारा दिवा लुकलुकत राहतो. विकत घेताना हा मोड आहे का ते विचारा. बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्टची, हार्ड केस लिपो (लिथियम-पॉलिमर). आताच्या बहुतेक गाड्यांत सुमारे ९६ मिमी लांबीची ‘शॉर्टी’ बसते. जुनी १३९ मिमीची लांब बॅटरी त्यांत बसत नाही. चार्जिंग ८.४० व्होल्टपर्यंतच, आणि ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास. पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवलेली बॅटरी फुगू शकते.

सर्व्होवर पैसे वाचवू नका. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढत असतात, त्यामुळे स्टिअरिंगवर भार जास्त येतो. ६० अंशांना ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ, आणि किमान १० किलो-सेंमी टॉर्क बघा. काही गाड्यांत फक्त लो-प्रोफाइल सर्व्हो बसतो, ते माहितीपत्रकात तपासा. सर्व्हो हॉर्नच्या दातांची संख्याही जुळली पाहिजे: बऱ्याच सर्व्होंना २५ दात असतात, काहींना २३. जोरात स्टिअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर मेली असं झालं, तर सर्व्होने करंट ओढून रिसीव्हरचा (गाडीत रेडिओचा संदेश घेणाऱ्या भागाचा) व्होल्टेज खाली आणला आहे. रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलला कपॅसिटर लावला की बहुधा थांबतं. रेडिओवर स्टिअरिंगचे एंड पॉइंट (चाकं किती वळावीत त्याच्या मर्यादा) आधी लावा, नाहीतर सर्व्हो टोकाला अडून गरम होत राहील.

टायर घेताना एक चूक फार होते. टू-व्हील बग्गीचे मागचे टायर फोर-व्हीलच्या मागे चालतात, पण पुढचे चालत नाहीत. फोर-व्हीलचे पुढचे टायर रुंद असतात. क्लबचा कंट्रोल टायर (सगळ्यांनी वापरायचा ठरलेला टायर) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कार्पेटवर मिनी स्पाइक किंवा मिनी पिन, घट्ट बसलेल्या गुळगुळीत मातीवर स्लिक किंवा जवळपास झिजलेला मिनी पिन, आणि सुट्या मातीवर मोठ्या ठोकळ्यांचा पॅटर्न. आत क्लोज्ड-सेल फोम इन्सर्ट घाला. रिमच्या कडेला सुपरग्लू चहूबाजूंनी लावा. एक जागा सुटली तरी शर्यतीत टायर रिमवरून निघतो.

किट जोडताना डिफ (डिफरेन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) सगळ्यात जास्त सतावतात. सिलिकॉन तेल क्रॉस पिन (आतल्या लहान गिअरची पिन) जेमतेम बुडेपर्यंत भरा, बुडबुडे वर येऊ द्या, ओ-रिंगला ग्रीस लावा आणि स्क्रू आडवे-तिरपे, थोडेथोडे करून आवळा. काठोकाठ भरलेला डिफ गरम झाला की हमखास गळतो. तेलाचे आकडे किटच्या पुस्तिकेतूनच घ्या. पुढच्या डिफमध्ये पातळ तेल घातलं तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडी जास्त वळते. जाड घातलं तर ती शिरताना स्थिर राहते आणि थ्रॉटलवर पुढचा भाग जास्त ओढतो. सेंटर डिफचं तेल फार पातळ असेल तर थ्रॉटल देताच पुढची चाकं हवेत फिरत राहतात आणि गाडी सुटत नाही. स्लिपर (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असलेल्या गाडीत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो: स्लिपर सैल असेल तर वितळतो, घट्ट असेल तर गिअर खातो.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूवर धातू असेल तिथेच. प्लास्टिकला लागला तर ते तडकतं. आर्म हिंज पिनवर (ते ज्यावर फिरतात त्या पिनवर) स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजेत. अडकत असतील तर रीमरने भोक मोकळं करा. चारही शॉकची लांबी व्हर्निअरने जुळवा, डाव्या-उजव्यात अर्धा मिलिमीटरचाही फरक गाडीला एका बाजूला ओढतो. जमिनीपासून उंची मातीवर २० ते २२ मिमी, कार्पेटवर साधारण १५ ते १८. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे १ ते २ अंश. सुरुवातीला एवढंच पुरे.

गिअरिंगचं सूत्र: स्परचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरवरच्या लहान गिअरचे) दात, गुणिले गाडीचा अंतर्गत रेशो. समजा स्पर ८१, पिनियन २२ आणि अंतर्गत रेशो २.५, तर अंतिम रेशो सुमारे ९.२. क्लबमधल्यांना विचारून सुरुवात करा, पण दोन-तीन मिनिटांनी मोटरचं तापमान मोजा. ७५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करा. जास्त तापल्याने रोटरचं चुंबकत्व कमी होतं आणि मोटर हळू पडते. स्पर आणि पिनियनमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधलं अंतर) लावा, मग पट्टी काढून टाका.

जुनी गाडी घेत असाल तर चेसिस काचेवर ठेवून वाकलंय का ते बघा. डिफच्या आउटड्राइव्हमध्ये (ड्राइव्हशाफ्ट जिथे अडकतो त्या कपात) नखाला जाणवणारी खाच असेल तर ते बदलावे लागतील. चाक धरून हलवा, आवाज आला तर बेअरिंग किंवा हिंज पिन गेली आहे. मॉडेलचं उत्पादन थांबलं असेल तर पुढचे आर्म अजून मिळतात का, हे पैसे देण्याआधी शोधा.

पहिल्या शर्यतीला बरोबर काय न्यावं? पुढचे-मागचे आर्म, पुढचे कॅस्टर ब्लॉक आणि स्टिअरिंग ब्लॉक, एक स्पर, दोन-तीन पिनियन, चाकांचे हेक्स आणि पिना, शॉकचे बॉल एंड, एक पुढचा ड्राइव्हशाफ्ट. हत्यारांत १.५, २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिमीचे नट ड्रायव्हर. लिपोसाठी आगरोधक पिशवी. तांत्रिक तपासणीत वजन केलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमांत या वर्गाचं किमान वजन १५८८ ग्रॅम आहे, आणि शॉर्टी बॅटरीमुळे गाडी त्याखाली गेली तर पितळी वजनं चेसिसवर खाली लावतात. ट्रान्सपाँडर (लॅप मोजण्यासाठी गाडीत बसवायचं उपकरण) रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर जोडा, चेसिसच्या तळाजवळ, खालच्या बाजूला कार्बन किंवा धातूचा अडथळा न येईल असा. नाहीतर लॅप मोजले जात नाहीत. आणि आपली हीट संपली की लगेच ट्रॅकवर मार्शल (उलटलेल्या गाड्या सरळ करणारा) म्हणून उभं राहायचं असतं, बॅटरी चार्जिंगला लावायला मधे मिळेल तेवढाच वेळ.