मर्मर निघाला म्हणून लेकराला पळायचं थांबवू नका

ताई, डॉक्टरांनी लेकराच्या कागदावर ‘इनोसंट मर्मर’, म्हणजे हृदयाचा निरुपद्रवी आवाज, असं लिहिलंय ना? मग हृदयात भोक नाही, झडपही खराब नाही. नळाला पाणी सुटलं की पाइप वाजतो, तसा रक्त वाहताना येणारा तो आवाज. तीन ते सात वर्षांच्या मुलांत हा सर्रास सापडतो आणि मोठं होता होता बहुतेकांचा जातो. ताप असला किंवा रक्त कमी असलं की तो जास्त ऐकू येतो. म्हणून पुढच्या वेळी तापात दुसऱ्या डॉक्टरांनी कान टवकारले तर घाबरू नका, आधीचा कागद दाखवा.

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला असेल तर करून घ्या. सुई नाही, दुखत नाही. छातीला गार जेल लावतात, तेवढ्यालाच पोरं रडतात. आवडतं खेळणं न्या.

खरा त्रास घरच्यांचा. आत्या म्हणणार पळू देऊ नका, आजी म्हणणार गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेऊ नका. जत्रा भरते त्या होम मैदानावर खुशाल नेऊन पाळण्यात बसवा! शाळेसाठी मात्र डॉक्टरांकडून ‘खेळायला हरकत नाही’ असं लिहून घ्या, नाहीतर पीटीचे सर कडेला बसवतात. ह्या मर्मरला औषध नाही, पथ्य नाही, लसीही वेळेवर द्यायच्या.

ओठ निळे पडणं, खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, लवकर धाप लागणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आणि रात्री झोपलेल्या लेकराच्या छातीला कान लावून बसणं बंद करा. सगळ्या आया करतात ते, कळत काहीच नाही.